स्वतंत्र वायरमन आणि कामगार चळवळ



कामगार चळवळीने नोकरीतल्या कामगाराचा विचार पुष्कळ केला आहे, बेकाराचाही केला आहे. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या एका माणसाचा विचार मात्र तिने क्वचितच केला. दिवसा कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे वायरमन म्हणून राबणारा, आणि संध्याकाळी टेस्टर, पक्कड व पेचकस पिशवीत घालून घरोघरची 'बाहेरची कामे' करणारा हा माणूस. आज ना उद्या नोकरी सोडून आपला स्वतंत्र व्यवसाय उभा करावा, अशी त्याची मनीषा असते. मालकाच्या लेखी तो बेइमान ठरतो, युनियनच्या लेखी फुटीर. वृत्तपत्रांतून उद्योजकतेचे पाठ देणारे मात्र त्याला आदर्श पुरुष समजतात. त्याची खरी स्थिती या तिन्ही निवाड्यांत बसत नाही.

प्रथम हा माणूस नोकरी सोडू का पाहतो, हे समजून घेतले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून विजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला तरुण उमेदवारी संपवून ठेकेदाराकडे लागतो. पाचसहा वर्षांत त्याचा हात बसतो. नकाशा वाचणे, भार काढणे, डी.बी. बांधणे, दोष शोधणे ही कामे तो एकट्याने करू लागतो. ठेकेदार ग्राहकाला दर पॉइंटमागे बिल लावतो आणि या कारागिराला रोज देतो. या दोन आकड्यांतील अंतर त्याला दिसत असते, कारण पॉइंट मोजून देणाराही तोच असतो. वर चढायला जागा नसते. वेतनवाढ मागावी तर दाराशी नवे उमेदवार उभे असतात. अशा वेळी एखाद्या घरमालकाने 'रविवारी येऊन जा' म्हटले आणि त्या एका रविवारी दोन दिवसांच्या रोजाइतके पैसे हाती आले, म्हणजे त्याच्या मनात जो विचार येतो, त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या कौशल्याची किंमत आपल्याला मिळावी, ही श्रमिकाची मूळ मागणीच त्या विचारात आहे.

अर्थात, स्वेच्छेने स्वीकारलेला स्वतंत्र व्यवसाय आणि परिस्थितीने गळ्यात बांधलेला स्वतंत्र व्यवसाय यांत भेद केलाच पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संपानंतर व पुढे गिरण्या बंद पडत गेल्यानंतर ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांतले कित्येक फेरीवाले, रिक्षावाले, किरकोळ कारागीर झाले. सरकारी भाषेत तेही 'स्वयंरोजगारी'च. परंतु त्यांच्या हाती निवड नव्हती. संध्याकाळच्या कामांतून हळूहळू वाट काढणाऱ्या वायरमनच्या हाती ती असते, आणि ती त्याने डोळसपणे करावी एवढ्यासाठीच हा विचार.

या वाटेची पहिली किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि तिच्या झगड्यातून १८९० साली कामगाराला रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. हा वायरमन सोडून देतो तो नेमका हाच रविवार आणि हेच उरलेले तास. सकाळी आठ ते सायंकाळी पाच नोकरी, सात ते दहा बाहेरचे काम, रविवारी दिवसभर बोर्ड बसवणे. असे तीनचार वर्षे चालते. विजेच्या कामात थकवा म्हणजे केवळ अंगदुखी नव्हे. दमलेला माणूस मेन स्विच बंद केल्याची खात्री करून घ्यायला विसरतो, घोडीवर तोल सांभाळू शकत नाही, न्यूट्रल व फेज यांची अदलाबदल करतो. घरातले पोर झोपल्यावर येणारा आणि उठण्यापूर्वी जाणारा बाप ही दुसरी हानी. तिसरी हानी कोणी मोजतच नाही. ग्राहकांचे फोन घेणे, निरोप लिहून ठेवणे, दुकानदाराच्या उधारीची वही सांभाळणे ही कामे त्याची पत्नी करते, आणि त्या श्रमाचा पैसा कोणत्याही बिलात लागत नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा. विजेची कामे करणारा सुताराप्रमाणे केवळ हत्यारे घेऊन बाजारात उतरू शकत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने असे ठरविले होते की, विद्युत संचमांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक कारागिराच्या हातून करावे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणे, म्हणजे संचमांडणीची क्षमता वा स्वरूप ज्याने पालटत नाही असे काम, तेवढे यातून वगळले होते. हेच तत्त्व २०१० च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी पुढे चालविले. याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. जुना पंखा उतरवून नवा टांगणे हे संध्याकाळचे काम होऊ शकते. वातानुकूलन यंत्रासाठी मेनपासून नवी लाइन ओढणे, किंवा संपूर्ण घराचे वायरिंग करणे, हे ठेकेदाराच्या परवान्याशिवाय करता येत नाही.

तरीही अशी कामे रोज होतात, आणि ती कशी होतात हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काम वायरमन करतो. नवी जोडणी मिळवण्यासाठी लागणाऱ्या चाचणी अहवालावर सही मात्र असा एखादा परवानाधारक ठेकेदार करतो, ज्याने ते घर पाहिलेलेही नसते. सहीचे पैसे ठरलेले असतात. म्हणजे कारागीर एका ठेकेदाराच्या हाताखालून सुटतो आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या सहीखाली जातो. त्यात अधिक वाईट हे की, मेगर लावून इन्शुलेशन तपासले की नाही, अर्थिंगचा रोध मोजला की नाही, हे विचारणारे कोणी उरत नाही. परवान्याचा नियम लोकांच्या जिवाच्या रक्षणासाठी केलेला; त्याचे रूपांतर सहीच्या भाड्यात होते. यावर उपाय नियम मोडणे हा नव्हे. वायरमनच्या परवान्यापासून पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रापर्यंतची परीक्षेची पायरी नोकरीत असतानाच चढून घेणे, हा आहे. संध्याकाळच्या तीन तासांपैकी काही तास अभ्यासाला दिले तर पुढची वीस वर्षे सहीचे भाडे वाचते.

अपघाताचा प्रश्न याहूनही कठोर आहे. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तेव्हापासून तत्त्व असे आहे की, कामाच्या ओघात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. दुपारी कारखान्यात धक्का बसला तर हा वायरमन त्या तत्त्वाच्या आश्रयाखाली असतो. तोच धक्का रात्री नऊला कुणाच्या स्वयंपाकघरात बसला, तर त्याला मालक नाही. म्हणून भरपाईही नाही. हात तोच, वीज तीच, कामही तेच. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो आता दुसराच माणूस झालेला असतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ते प्रत्येकाने घ्यावेच. परंतु रुग्णालयाचा खर्च आणि बुडालेले रोज त्यातून भरून निघत नाहीत.

आता हिशेबाकडे वळू. या वाटेवर सर्वांत जास्त माणसे घसरतात ती येथेच.

समजा, एका वायरमनला मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा १५,००० रुपये मिळतात. सव्वीस दिवसांनी भागले तर रोज ५७७ रुपये पडतो. बाहेरच्या कामाला कोणी दिवसाचे ७०० रुपये दिले की त्याला वाटते, आपण पुढे गेलो. परंतु संघटित आस्थापनेत मालक त्याच्यासाठी आणखी काही भरत असतो. भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा म्हणजे वर्षाला २१,६०० रुपये. राज्य कामगार विम्याचा सव्वातीन टक्के हिस्सा म्हणजे ५,८५० रुपये. आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या दराने साठणारे उपदान, सुमारे ८,६५० रुपये. बेरीज ३६,१०० रुपये होते. वेतनाचा पाचवा हिस्सा असा न दिसता मिळत असतो. बोनस व पगारी रजा यांचा विचार यात अजून केलेलाच नाही.

पुढे असे पाहा. स्वतंत्र झालेल्या वायरमनला वर्षाचे सगळे दिवस पैसे मिळत नाहीत. जागा पाहून दर सांगणे, माल आणणे, उधारी वसूल करायला चार खेपा घालणे, आजारपण, सणवार हे वजा केले तर पैसे मिळणारे दिवस २२० धरणे रास्त होईल. वेतनाचे १,८०,००० आणि वरील ३६,१०० मिळून २,१६,१०० रुपये त्या २२० दिवसांत मिळवायचे, तर दिवसाला ९८० रुपयांहून अधिक हवेत. ड्रिल मशीन, मल्टिमीटर, पेट्रोल, फोन, विमा यांसाठी वर्षाचे ३०,००० धरले की हा आकडा १,१२० च्या घरात जातो. म्हणजे नोकरीत होतो तेवढेच राहण्यासाठी जवळजवळ दुप्पट रोज लागतो. सातशे रुपयांवर समाधान मानणारा स्वतंत्र वायरमन आपल्या म्हातारपणाचे पैसे आजच खर्च करीत असतो. त्याला ते कळत नाही इतकेच.

संध्याकाळच्या कामाचे अर्थशास्त्रही या हिशेबातूनच उलगडते. नोकरी चालू असेतो वायरमनला बाहेरचे काम स्वस्तात परवडते, कारण त्याचा भविष्यनिर्वाह, त्याचा दवाखाना, त्याची रजा यांचा भार दिवसाच्या नोकरीवर पडलेला असतो. ग्राहकाला वाटते, हा माणूस प्रामाणिक म्हणून कमी घेतो. प्रत्यक्षात तो कमी घेऊ शकतो, कारण उरलेली किंमत दुसरा कोणी भरतो आहे. या स्वस्ताईचे परिणाम दोन. त्याच वस्तीत पूर्णवेळ स्वतंत्र व्यवसाय करणारा वायरमन दरात मार खातो. आणि नोकरी सोडण्याची वेळ येते तेव्हा या माणसाने स्वतःच पाडून ठेवलेला दर त्याच्याच पायात बेडी होऊन पडतो. चार वर्षे सातशे घेतलेल्या ग्राहकाकडे पाचव्या वर्षी अकराशे मागणे सोपे नसते. म्हणून संध्याकाळच्या कामाचा दर पहिल्या दिवसापासून असा लावावा, जणू नोकरी नाहीच. त्याने काही कामे जातील. ती गेलेली बरी. कारण त्यातूनच खरे ग्राहक किती आहेत याचा अंदाज येतो.

नोकरी केव्हा सोडावी? दिवाळीपूर्वीची गर्दी पाहून सोडू नये. त्या दिवसांत रंगकाम, रोषणाई, नवे पंखे यांमुळे सर्वांनाच काम असते. आषाढ-श्रावणात बांधकामे मंदावली असताना, फक्त ओलीने झालेले बिघाड तेवढे येत असताना, घर चालेल इतके काम मिळते का, हे एक पुरे वर्ष वहीत नोंदवून पाहावे. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा आणि तो येणे असलेल्या उधारीत धरू नये. उपदानासाठी कायम कामगाराची पाच वर्षांची सलग सेवा लागते, भविष्यनिर्वाह संघटनेच्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. या तारखा पाहिल्याशिवाय राजीनामा लिहू नये. भविष्यनिर्वाहाची रक्कम काढून तिचे भांडवल करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

मालकाशी वागण्याचाही एक नियम असावा. मालकाचे ग्राहक, त्याचा माल आणि त्याची वेळ या तिन्हींना हात लावू नये. ही मालकनिष्ठा नव्हे. शिल्लक राहिलेली वायर पिशवीत घालणाऱ्या कामगारामुळे सगळ्या खात्याची झडती सुरू होते आणि त्याची मानहानी शेजारच्या निरपराध कामगाराला भोगावी लागते. नियुक्तिपत्रात व स्थायी आदेशांत बाहेरच्या कामाविषयी काय लिहिले आहे, हेही आधी वाचून घ्यावे. परंतु जो मालक बाहेरच्या कामाला बंदी घालतो, त्यानेही एका प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. आठ तासांच्या वेतनात माणूस उरलेले तास विकत घेऊ पाहत असेल, तर त्या तासांची किंमत कोण देणार?

येथवर जे सांगितले ते एकेका कारागिराच्या शहाणपणाचे झाले. तेवढ्याने भागत नाही. कारण प्रत्येकाने शहाणपणाने वागायचे ठरवले तरी शेजारचा सातशेत काम करतो, सही विकणारा सही विकतो, आणि पडलेल्याला कोणी उचलत नाही. हे प्रश्न एकट्याने सुटणारे नाहीत.

मालक नसलेल्यांची संघटना होत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. अनुभव तसा नाही. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने स्वयंरोजगारी स्त्रियांच्या 'सेवा' या संघटनेची १९७२ साली कामगार संघ म्हणून नोंदणी झाली. ज्यांना मालकच नाही त्यांचा संघ कोणाविरुद्ध, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला होता. संघ कोणाच्या विरुद्ध असावाच लागत नाही, तो कामगारांच्या एकजुटीसाठी असतो, हे त्या स्त्रियांचे उत्तर अखेर मान्य झाले. महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९६९ साली, माथाडी कामगारांसाठी कायदा करून एक नवी वाट दाखविली. आज या व्यापाऱ्याचे आणि उद्या त्या व्यापाऱ्याचे ओझे वाहणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. म्हणून मंडळे निर्माण झाली, व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली गेली आणि तीतून भविष्यनिर्वाह, उपदान, रजा यांची सोय झाली. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची संघटना होती, पुण्यात बाबा आढावांनी बांधलेली हमाल पंचायत होती. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या उरालुंगल येथील मजुरांनी १९२५ साली सहकारी ठेका संस्था काढली. ठेकेदाराची जागा मजुरांच्या संस्थेने घेतली आणि आज ती संस्था मोठमोठे रस्ते व पूल बांधते.

या अनुभवांतून वायरमनसाठी काय घेता येईल? एखाद्या शहरातील वीसपंचवीस वायरमननी सहकारी संस्था काढली, त्यांतल्या दोघातिघांनी पर्यवेक्षकाची परीक्षा दिली आणि ठेकेदाराचा परवाना संस्थेच्या नावे घेण्याचा प्रयत्न केला, तर सहीचे भाडे संपेल. मेगर आणि अर्थ टेस्टर प्रत्येकाने विकत घेण्याची गरज राहणार नाही. दर संस्थेचा असेल, म्हणून तो एकमेकांच्या पाठीमागे पडणार नाही. प्रत्येक बिलातून काही टक्के बाजूला काढून अपघात निधी उभा करता येईल. नोकरीत असलेला सभासद संध्याकाळचे काम संस्थेमार्फत करील. म्हणजे त्याच्या दरामुळे पूर्णवेळ सभासदाचे पोट मारले जाणार नाही, आणि नोकरी सुटेल त्या दिवशी तो उघड्यावर पडणार नाही. आज मोबाइलवरच्या कंपन्या वायरमनला 'भागीदार' म्हणवून घेतात, दर आपण ठरवतात आणि अपघात मात्र त्याच्या माथी ठेवतात. भागीदारीच करायची तर ती आपल्या बरोबरीच्या माणसांशी करावी.

शासनाकडे मागण्यासारखेही पुष्कळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्वयंरोजगारी कामगाराची व्याख्या आहे, त्याच्या नोंदणीची व कल्याणकारी योजनांची तरतूद आहे. २०२१ पासून ई-श्रम नोंदणीही सुरू आहे. परंतु नोंदणीचे कार्ड म्हणजे सुरक्षा नव्हे. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींचा समावेश झाला, त्यांत विजेच्या कारागिराला स्थान नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवून कल्याण निधी निर्माण केला. मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या कामगाराला त्याचा लाभ मिळू शकतो, आणि हीच रचना नव्या संहितेने पुढे ठेवली आहे. इमारतीत पाइप टाकणारा वायरमनही बांधकाम कामगारच आहे, हे कित्येक वायरमनांना सांगावे लागते. त्याच्या दिवसांचा दाखला त्याला सुलभतेने मिळावा, एवढी मागणी तरी युनियनने हाती घ्यावी.

शेवटी एक प्रश्न स्वतंत्र झालेल्या कारागिरालाच विचारला पाहिजे. व्यवसाय चालू लागला की तो प्रथम एक हेल्पर ठेवतो. घोडी धरायला, झिरी मारायला, वायर ओढायला एक सोळासतरा वर्षांचे पोर येते. अठरा वर्षांखालच्या पोराला विजेच्या कामावर घेणेच गैर. पण अठरा पुरी झालेल्याला तरी तो काय देतो? ज्याने स्वतःच्या पॉइंटचा हिशेब करून ठेकेदाराचा नफा ओळखला होता, तो या पोराला हिशेब दाखवतो का? रबरी हातमोजे एकच जोड असतील तर ते कोणाच्या हातात असतात? कारागिराच्या स्वातंत्र्याचे मोल त्याच्या बँकेच्या पुस्तकावरून ठरत नाही. त्याच्या हाताखालचा पोरगा पाच वर्षांनी परवानाधारक होतो, की आयुष्यभर घोडीच धरून राहतो, यावरून ते ठरते. कामगाराने मालकाच्या जाचातून सुटावे, हे चळवळीचे स्वप्न आहेच. सुटताना तो एकटा पडू नये आणि सुटल्यावर त्याने दुसऱ्याला जाचू नये, एवढी काळजी चळवळीने घेतली, तर संध्याकाळी पिशवी घेऊन निघालेला हा माणूस तिला परका वाटणार नाही, आणि तीही त्याला परकी वाटणार नाही.